बेस डेफिसिटच्या मागे: थीसिसच्या वहीतून

१२ जून २०२४, बुधवार

विषय एकदाचा पक्का झाला. तीव्र स्वादुपिंडदाहात भरतीच्या वेळच्या एबीजीवरून (धमनीतल्या रक्तातले वायू आणि आम्लता मोजणारी तपासणी) पुढचा अंदाज बांधता येतो का. ‘स्वादुपिंडदाह’ हा शब्द फक्त सिनॉप्सिसपुरता. वॉर्डात सगळे पॅनक्रियाटायटिसच म्हणतात आणि नातेवाइकांना ‘पॅनक्रियाला सूज आलीय’ एवढं पुरतं.

हा विषय का घेतला ते इथे लिहून ठेवते, सहा महिन्यांनी वैतागेन तेव्हा वाचायला. कॅज्युअल्टीत येताना हे पेशंट सगळे सारखेच दिसतात. बेंबीच्या वर दुखतंय, दुखणं पाठीत आरपार जातंय, पोटाशी उशी घेऊन पुढे वाकलेत, उलट्या थांबत नाहीत. त्यातले बरेच जण आठवड्याभरात चालत घरी जातात. काही जण तिसऱ्या दिवशी व्हेंटिलेटरवर असतात. कोण कुठल्या वाटेने जाणार ते पहिल्या रात्री सांगता येत नाही. अमायलेज-लायपेज निदानापुरतं ठीक. वरच्या मर्यादेच्या तिप्पट झालं की निदान पक्कं व्हायला मदत होते, पण आकडा जितका मोठा तितका आजार मोठा असं काही नाही. दोन हजार अमायलेजवाला पाचव्या दिवशी डबा मागवतो आणि सहाशेवाला आयसीयूत जातो.

आजार किती गंभीर ते सांगणाऱ्या रॅन्सनच्या १९७४ च्या ११ निकषांपैकी सहा ४८ तासांनंतरचे आहेत. तोवर निम्मी लढाई झालेली असते. अपाचे-टू या गंभीरतेच्या स्कोअरचा तक्ता रात्री दोन वाजता भरणारा रेसिडेंट मी अजून पाहिला नाही. एबीजीची चिठ्ठी मात्र मशीनमधून दोन-तीन मिनिटांत बाहेर येते. म्हणून एबीजी.

कल्पना नवी नाही. रॅन्सनच्या त्या सहांतच दोन रक्तवायूचे आहेत: ऑक्सिजनचा दाब ६० च्या खाली आणि बेस डेफिसिट (आम्लामुळे रक्तातल्या अल्कलीची पडलेली तूट) ४ च्या वर. माझा प्रश्न इतकाच, की ४८ तास थांबायचंच का.

१९ जून, बुधवार

माझ्या गाईड सरांसोबत बसले. पाऊण तासात विषयाची निम्मी हवा गेली.

मी भविष्य सांगणाऱ्या आकड्यांत पहिला पीओटू (धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब) लिहिला होता. सरांनी पेन खाली ठेवलं. “तुझा आउटकम काय?” म्हटलं, अटलांटाच्या २०१२ च्या व्याख्येप्रमाणे सीव्हिअर, म्हणजे ४८ तासांपेक्षा जास्त टिकणारं ऑर्गन फेल्युअर. “ते कशावर ठरवतेस?” सुधारित मार्शल स्कोअरवर (कुठला अवयव किती निकामी त्याचे गुण). “त्यात श्वसनाला काय धरलंय?”

पी/एफ रेशो. म्हणजे पीओटू भागिले एफआयओटू (श्वासातल्या ऑक्सिजनचं प्रमाण).

“मग जो आकडा पेपर काढतोय तोच पेपर तपासतोय. पास होणारच ना!”

इतकं उघड होतं आणि मला दिसलं नव्हतं. भरतीच्या वेळी ज्याचा पी/एफ २५० आहे त्याला मार्शलचे दोन गुण तिथेच मिळाले, म्हणजे फेल्युअर आहेच. ते पुढे टिकलं, तर ‘एबीजीने अंदाज सांगितला’ असं मी लिहिणार. अंदाज कसला, ती तर हजेरी झाली. या विषयावरचे जुने प्रबंध ग्रंथालयात चाळले तेव्हा आकडे फार सुंदर वाटले होते. आता परत बघावे लागतील.

ठरलं ते असं: पीओटू नोंदवायचा, पण अंदाजाच्या यादीत धरायचा नाही. यादीत बेस डेफिसिट, लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडला की पेशी सोडतात ते), पीएच आणि अॅनायन गॅप (सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा करून उरतं ते). भरतीलाच ज्यांचं फेल्युअर झालेलं आहे ते वेगळे मोजायचे. मृत्यू आणि आयसीयूचे दिवस हे आउटकम जोडीला.

२ जुलै, मंगळवार

प्रोफॉर्माचा, म्हणजे प्रत्येक पेशंटची माहिती भरायच्या फॉर्मचा, तिसरा खर्डा. सगळं घोडं ‘शून्य तास’ कुठला यावर अडलंय. भरतीची वेळ घेतली तर सोपं, रजिस्टरवर शिक्का असतो. पण दुखणं सुरू होऊन सहा तासांत आलेला आणि तालुक्याच्या दवाखान्यात दोन दिवस काढून आलेला, दोघे माझ्या तक्त्यात शेजारी शेजारी बसणार. एकाचा पहिला गॅस म्हणजे आजाराची सुरुवात, दुसऱ्याचा म्हणजे मध्यंतर.

म्हणून दुखणं सुरू झाल्याची वेळ हा रकाना घातला. तो भरणं किती अवघड ते आजच कळलं. ट्रायल म्हणून वॉर्डातल्या चौघांना विचारलं. एक म्हणाला “परवापासून”, दुसरा “जेवल्यावर”, तिसऱ्याने “आधी गॅस वाटला, मग वाढलं” असं सांगितलं. चौथ्याची बायको म्हणाली, “त्यांना काय विचारता, ते शुद्धीत होते का?”

१५ जुलै, सोमवार

एथिक्स कमिटी. डॉक्टर मंडळींनी सॅम्पल साइज विचारला आणि चहा घेतला. खरे प्रश्न बाहेरच्या सदस्यांचे, म्हणजे जे डॉक्टर नाहीत त्यांचे होते. एक वयस्कर बाई होत्या, त्यांनी संमतीपत्र मोठ्याने वाचायला घेतलं. “धमनीय रक्तवायू विश्लेषणार्थ नमुना... हे तुमच्या पेशंटला कळेल?” मी गप्प. “मला नाही कळलं, आणि मी मराठी शिकवत होते.”

त्यांच्यासमोरच बदललं: ‘मनगटाच्या नाडीतून सुईने दीड-दोन मिली रक्त घेतलं जाईल. नेहमीच्या रक्ततपासणीपेक्षा हे थोडं जास्त दुखतं. नंतर पाच मिनिटं दाबून धरावं लागतं.’

दुसरा प्रश्न त्यांचाच: तुमच्या अभ्यासासाठी जास्तीचं टोचणार का? पहिला एबीजी आमच्या युनिटमध्ये प्रत्येक पॅनक्रियाटायटिसला होतोच. पुढचे २४ आणि ४८ तासांचे मात्र माझ्यासाठी होते. ते आता शिरेतून घ्यायचे, रोजच्या रक्ताबरोबर एकाच टोचणीत. शिरेतला पीएच धमनीपेक्षा थोडासाच कमी येतो, बायकार्बोनेट आणि बेस डेफिसिट जवळपास तेच. ऑक्सिजनला त्याचा उपयोग नाही, पण ऑक्सिजन तसाही यादीतून बाद झालाय. अडचणीतून सोय निघाली म्हणायची.

२९ जुलै, सोमवार

पहिला पेशंट. वय ३४, रिक्षाचालक, काल संध्याकाळपासून दुखतंय. आत येऊन खुर्चीतच वाकून बसला, आडवं व्हायला तयार नाही.

अॅलन टेस्ट केली, म्हणजे हाताला दुसऱ्या धमनीतून रक्त पुरतं ना ते बघितलं. मनगटाखाली गुंडाळलेला टॉवेल, हात थोडा मागे वाकवलेला, दोन बोटांमध्ये नाडी. तेवीसची सुई पंचेचाळीस अंशात. पहिल्यांदा हाडाला लागली. “मॅडम, थांबा थांबा” म्हणाला, पण हात हलवला नाही. दुसऱ्यांदा रक्त आपोआप वर चढलं, दट्ट्या ओढावा लागला नाही. सुई बदलली, बुडबुडा बाहेर काढला, टोपण लावलं, सिरिंज तळहातांमध्ये फिरवत मशीनपर्यंत गेले. मागे मावशींनी त्याचं मनगट दाबून धरलं आणि “गावाकडं कोण कोण आहे?” विचारत बसल्या. पाच मिनिटं घड्याळ न बघता बरोबर धरतात.

पीएच ७.३७, पीसीओटू (कार्बन डायऑक्साइडचा दाब) २८, बायकार्बोनेट १५.५, बेस एक्सेस उणे ८.७ (उणे आलं की तेच बेस डेफिसिट), लॅक्टेट ३.१, हवेवर, म्हणजे जादा ऑक्सिजन न देता, पीओटू ७८.

पीएच नुसता बघितला तर सगळं आलबेल. पण हा माणूस मिनिटाला अठ्ठावीस श्वास घेऊन तो पीएच विकत घेतोय. पीएच नीट राहिलाय तो पीसीओटू खाली ढकलून, आणि खरी खोट बेस डेफिसिटमध्ये दिसते. वहीच्या पहिल्याच पानावर असा पेशंट मिळाला म्हणून आनंद झाला, मग त्या आनंदाची लाज वाटली.

६ ऑगस्ट, मंगळवार

रविवारी गटारी झाली. काल सकाळपासून आजपर्यंत तीन भरती, तिघेही पिणारे, तिघेही चाळिशीच्या आतले. सिनियर रेसिडेंट म्हणतो, कॅलेंडरवर आषाढ अमावास्येला खूण करून ठेव, एन्रोलमेंट आपोआप होईल. त्याच्या हिशेबात थर्टी फर्स्टही आहे.

तिसऱ्याचा गॅस लिहून ठेवण्यासारखा. पीएच ७.४१, पीसीओटू ३६, बायकार्बोनेट २२, बेस एक्सेस उणे २. मी ‘नॉर्मल’ लिहून पुढे जाणार होते. इलेक्ट्रोलाइट आले तेव्हा सोडियम १३८, क्लोराइड ८८. वजाबाकी केली, अॅनायन गॅप २८! इतका गॅप आणि बायकार्बोनेट मात्र फक्त दोनने कमी?

दोन दिवस सतत उलट्या. पोटातलं आम्ल बाहेर गेलं, त्यामुळे बायकार्बोनेट चढलं असणार. त्याच वेळी उपाशीपोटी दारूमुळे किटोन (चरबी जळून होणारी आम्लं) साचले आणि त्यांनी ते परत खाली ओढलं. एकाने वर खेचलं, दुसऱ्याने खाली, मधोमध आकडा शहाण्यासारखा उभा. लघवीत किटोन भरपूर, साखर ९२. थायमिन दिलं, मग डेक्स्ट्रोज. आज सकाळी गॅप १५ वर.

यातून माझ्या अभ्यासाची दोन दुखणी निघाली. बेस डेफिसिट नॉर्मल असलं म्हणजे आत काही चाललेलं नाही असं नाही. आणि गॅप वाढला तरी तो पॅनक्रियामुळेच वाढला असंही नाही. पिणाऱ्यांत थायमिनची कमतरता लॅक्टेटही चढवते. किटोन तपासणं प्रोफॉर्मात घातलं. पट्टीची तपासणी आहे, खर्च नगण्य.

१७ ऑगस्ट, शनिवार

कोलकात्याच्या घटनेवरून (ड्यूटीवरच्या डॉक्टरवर बलात्कार आणि तिचा खून) आज देशभर ओपीडी बंद. इमर्जन्सी चालू. थीसिसचं काम नाही. रात्री लायब्ररीतून एकटी परत येताना सिक्युरिटीचे मामा हॉस्टेलच्या दारापर्यंत बरोबर आले, न सांगता.

२६ ऑगस्ट, सोमवार

आज ज्युनियर धावत आला. “मॅडम, बेस डेफिसिट साडेसात! आयसीयूला कळवलंय.” पेशंट बघायला गेले तर बाई उठून बसलेल्या, मुलीशी भांडतायत की चहा का नाही. श्वास सोळा, नाडी अठ्ठ्याऐंशी.

गॅस परत वाचला. पीएच ७.३५, पीसीओटू ३२, बायकार्बोनेट १७, लॅक्टेट १.४. सोडियम १४०, क्लोराइड ११६. गॅप ७, अल्ब्युमिन ३ आहे म्हणून अडीच मिळवले तरी साडेनऊ. कुठलंही जादा आम्ल नाही. फक्त क्लोराइड चढलंय.

मुलीला विचारलं, आधीच्या दवाखान्यात काय दिलं? “सलाईन लावलं. आठ बाटल्या.” चिठ्ठीवर फक्त ‘आयव्ही फ्लुइड्स’. पण पिशवीत एक रिकामी बाटली होती. (आमच्याकडे नातेवाईक काहीही टाकून देत नाहीत, देव त्यांचं भलं करो.) नॉर्मल सलाईन, अर्धा लिटर. म्हणजे चार लिटर. त्यात लिटरमागे १५४ क्लोराइड. रक्तात साधारण शंभर असतं. एवढं ओतल्यावर बायकार्बोनेट खाली जाणारच. बाईंचं बेस डेफिसिट पॅनक्रियाने नाही, बाटल्यांनी तयार केलं होतं.

रात्री मागचे सगळे फॉर्म काढून बसले. बाहेरून पाठवलेल्या जवळजवळ प्रत्येकाला आधी ‘सलाईन’ लागलेलं आहे, आणि मराठीत सलाईन म्हणजे बाटलीत असेल ते सगळं. आरएल (रिंगर लॅक्टेट) असो, डीएनएस (साखर घातलेलं सलाईन) असो की एनएस (नॉर्मल सलाईन). ‘किती’ हा रकाना होता, ‘कुठलं’ नव्हता. आरएलमध्ये क्लोराइड १०९, ते इतकी आम्लता आणत नाही. दोन्ही बाटल्यांवरचं लेबल वाचायला दहा सेकंद लागतात, आणि मी दोन महिने ते विचारलंच नव्हतं.

सरांना फोन केला. ते म्हणाले, “म्हणजे तू आजार मोजत नव्हतीस, पहिल्या दवाखान्याचं औषधांचं कपाट मोजत होतीस.” मग थोडं थांबून, “आपलंही.” आमच्या वॉर्डातही मागच्या पंधरवड्यात आरएल संपलं होतं आणि सगळ्यांना एनएस चालू होतं.

जाता जाता त्यांनी वॉटरफॉल ट्रायल पुन्हा वाचायला सांगितली. २०२२ ची, पॅनक्रियाटायटिसमध्ये जोरात फ्लुइड विरुद्ध बेताने. जोराच्या गटात फ्लुइड ओव्हरलोड वाढला म्हणून ती २४९ पेशंटवरच थांबवली. आम्ही शिकलो तेव्हा ‘भरपूर पाणी द्या’ हेच धर्मवचन होतं.

नवे रकाने: कुठली बाटली, किती, किती तासांत. त्या वेळचं क्लोराइड सक्तीचं.

९ सप्टेंबर, सोमवार

दीड दिवसाचे गणपती काल गेले, ढोल अजून चालूच आहेत. आमचं गॅस मशीन शनिवारी कार्ट्रिज संपून बंद पडलं, सॅम्पल शेजारच्या इमारतीत जातायत. काल रात्रीचं सॅम्पल पन्नास मिनिटांनी लागलं. पेशंटच्या पांढऱ्या पेशी चोवीस हजार. त्या सिरिंजमध्येही जिवंतच असतात, ऑक्सिजन खातात, लॅक्टेट सोडतात. लॅक्टेट २.९ आलंय. यातलं पेशंटचं किती आणि वाटेतलं किती?

फेकून दिलं. नियम केला: प्लास्टिक सिरिंज, अर्ध्या तासाच्या आत, नाहीतर नोंद रद्द. बर्फात ठेवून न्यायची जुनी सवय काही मामांना आहे, ती प्लास्टिकला उपयोगाची नाही. पण “बर्फ नको” सांगितल्यावर त्यांना वाटलं मी कामातून पळवाट काढतेय.

२० सप्टेंबर, शुक्रवार

मशीन सुरू. इंटर्नला बसवून स्वतःवर दोन प्रयोग केले.

पहिला हेपरिनचा. तयार हेपरिन-सिरिंज संपल्या की आम्ही साध्या सिरिंजमध्ये हेपरिन ओढून, आतून धुऊन, बाहेर टाकतो. टाकतो म्हणजे टाकतो असं समजायचं. माझ्या शिरेतून एकाच वेळी दोन सिरिंज भरल्या. एकीतलं हेपरिन नीट झटकून काढलेलं, दुसरीत रात्री तीन वाजता जितकं राहतं तितकं ठेवलेलं. आयनाइज्ड कॅल्शियम पहिलीत १.१९, दुसरीत ०.९८. पीसीओटू आणि बायकार्बोनेटही घसरलेले. हेपरिन कॅल्शियमला धरून ठेवतं आणि वर पातळही करतं.

पॅनक्रियाटायटिसमध्ये कॅल्शियम कमी होणं हे वाईट लक्षण मानतात, तेव्हा ही चूक साधी नाही. मी ठणठणीत असताना माझ्याच चिठ्ठीवर धोक्याची खूण आली. इंटर्न म्हणाला, “मॅडम, तुम्हाला अॅडमिट करू का?”

दुसरा प्रयोग धमनीचा. (दुखतं. ‘थोडं जास्त’ हे संमतीपत्रातलं वाक्य सौम्यच आहे.) हवेवर माझा पीओटू ८८, पी/एफ ४१९. मार्शलमध्ये ४०० च्या वर शून्य गुण, ३०१ ते ४०० ला एक. म्हणजे मी काठावर आहे. फुप्फुसं चांगली, सिगारेट नाही. मग?

पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. हवेचा दाब ७६० ऐवजी ७१० च्या आसपास. गणित मांडलं: त्यातून पाण्याच्या वाफेचे ४७ वजा, गुणिले ०.२१, वजा पीसीओटूचा हिस्सा पन्नास. फुप्फुसाच्या वायुकोशात मुंबईला १०० राहतात, इथे ९०. दहा गुणांची ही तूट प्रत्येक पुणेकर जन्मापासून भरतोय. एआरडीएसच्या (फुप्फुसं अचानक निकामी होण्याच्या) बर्लिन व्याख्येत उंचीसाठी दुरुस्ती आहे, पण ती हजार मीटरच्या वर. महाबळेश्वरला लागू, आम्हाला नाही.

फेल्युअरला दोन गुण लागतात, म्हणजे ३०० ची रेघ, तिथे सहसा फरक पडू नये. पण २९० आणि ३१० च्या मध्ये अडकलेला एखादा पेशंट इथे ‘फेल’ आणि रत्नागिरीत ‘पास’ होऊ शकतो. मर्यादांच्या परिच्छेदात चार ओळी टाकायच्या.

३ ऑक्टोबर, गुरुवार

ही नोंद दोन दिवस टाळली.

वय ५८, पित्ताशयात खडे, दुखणं सुरू होऊन सहा तासांत आणलं. माझ्या प्रोफॉर्माला हवा तसा पेशंट: आधी एकही बाटली नाही, सॅम्पल चार मिनिटांत लागलं. पीएच ७.४७, पीसीओटू २९, बेस एक्सेस उणे २.५, लॅक्टेट १.९, हवेवर पीओटू ७४. कोपऱ्यात पेन्सिलने ‘लो रिस्क’ लिहिलं. बेस डेफिसिट चारच्या आत, लॅक्टेट दोनच्या आत.

तीस तासांनी सहा लिटरच्या मास्कवर पीओटू ६८. एफआयओटू ०.४ धरला की पी/एफ १७०, तीन गुण. पीएच ७.२९, बेस एक्सेस उणे ९.४, लॅक्टेट ४.२. डाव्या बाजूला फुप्फुसाभोवती पाणी. पॅनक्रियातून सुटलेलं फॉस्फोलायपेज फुप्फुसातला सर्फॅक्टंट मोडतं, पोट फुगून पडदा वर ढकलतं, हे सगळं परीक्षेत लिहिलंय. डोळ्यांसमोर चोवीस तासांत घडताना पहिल्यांदा बघितलं.

त्यांची मुलगी अकाउंटंट. दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठी वाचायला शिकली. राउंडला “आई कशी आहे?” विचारत नसे. “आज बेस किती आलाय?” विचारायची. उणे नऊवरून उणे सहा झालं त्या दिवशी ती पहिल्यांदा जेवून आली, असं सिस्टरांनी सांगितलं. उणे सहा झालं होतं कारण आदल्या रात्री डायलिसिस झालं होतं. मी ते तिला समजावून सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, ठरवता आलेलं नाही.

मंगळवारी पहाटे गेल्या.

पहिली चिठ्ठी परत परत बघतेय. तिच्यात काहीच नव्हतं असं नाही. पीसीओटू २९. बाई जोरात श्वास घेत होत्या. मी ते ‘दुखतंय म्हणून’ असं धरलं. दुखत होतंच. पण एसआयआरएसच्या (शरीरभर पसरलेल्या दाहाच्या) निकषांत पीसीओटू ३२ च्या खाली हा एक निकष आहे, आणि माझ्या यादीत पीसीओटू नव्हता, कारण मी आम्लाच्या मागे लागले होते. बेस डेफिसिट बिघडायला पेशी उपाशी राहाव्या लागतात. श्वास त्याच्या आधी पळायला लागतो.

यादीत पीसीओटू घातला. अभ्यास चालू असताना यादी बदलली म्हणून कमिटीला पत्र द्यावं लागेल, देते.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

स्टॅटिस्टिक्सच्या मॅडम. एकतीस पेशंट, त्यात टिकलेलं ऑर्गन फेल्युअर पाच. मी सहा आकड्यांचं रिग्रेशन (कुठला आकडा किती अंदाज सांगतो ते काढायचं गणित) मागितलं. त्या हसल्या. “एका आकड्यामागे दहा घटना तरी लागतात. तुझ्याकडे अर्ध्या आकड्यापुरत्या आहेत.”

मग त्यांनी विचारलं ते जास्त लागलं: “बीयूएनचं काय?” बायसॅप या पॅनक्रियाटायटिसच्या स्कोअरमध्ये बीयूएन (रक्तातला युरिया नायट्रोजन) २५ च्या वर हा पहिला निकष. साधं शिरेतलं रक्त, कुठल्याही तालुक्याच्या लॅबमध्ये होतं. “तुझ्या एबीजीला बीयूएनच्या पुढे जावं लागेल, नुसतं पास होऊन चालणार नाही. त्याच्याएवढंच सांगत असेल तर लोकांच्या मनगटात सुया कशाला?”

उत्तर नव्हतं. तुलना करायची तर तीच करायची, असं ठरवून आले.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन, नाइट ड्यूटी. सिस्टरांनी मेसचा फराळ वाटला, चकली मऊ पडलेली. भाजलेले दोन आले, पॅनक्रियाटायटिस एकही नाही.

रिकाम्या वेळात बेस एक्सेसचा इतिहास चाळला. १९५२ ची कोपनहेगनची पोलिओची साथ. ब्लेगडॅम रुग्णालयात मुलांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेलं दिसायचं आणि डॉक्टर म्हणायचे, हे अल्कॅलोसिस (रक्तात अल्कली वाढणं) आहे, कारण कळत नाही. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने सांगितलं की मुलं श्वास टाकू शकत नाहीत, कार्बन डायऑक्साइड साचतोय, आकडा खरा आहे पण अर्थ उलटा लावलाय. गळ्यात नळी घालून विद्यार्थ्यांनी हाताने पिशव्या दाबल्या आणि मुलं वाचायला लागली. तिथल्याच अॅस्ट्रप यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आजच्या गॅस मशीनची वाट निघाली. म्हणजे मशीनचा जन्मच चुकीच्या वाचलेल्या चिठ्ठीतून. मला जरा बरं वाटलं.

२७ नोव्हेंबर, बुधवार

छत्तीस पेशंट झाले. सरांना प्रोफॉर्माची सातवी आवृत्ती दाखवली. जूनमध्ये एक पान होतं, आता तीन. गॅसचे आकडे पाव पानात मावतात, बाकी सगळं त्या आकड्यांच्या आगेमागे काय घडलं याचं. सर म्हणाले, शीर्षक बदलायला आता विद्यापीठाची परवानगी लागेल, तेव्हा राहू दे.

११ डिसेंबर, बुधवार

रात्री पावणेतीनला फोन. नवा इंटर्न. “मॅडम, पॅनक्रियाटायटिस आलाय, बेस डेफिसिट सहा. आधी दोन बाटल्या लागल्यात, आरएल, बाटल्या ठेवून घेतल्यात. किटोन निगेटिव्ह. क्लोराइड १०३.” मी काही विचारायच्या आत हे सगळं. मग म्हणाला, “फक्त पहिला रकाना भरत नाहीये.”

खाली गेले. पन्नाशीचे शेतकरी, जुन्नरकडचे, पेथिडिन मिळाल्यामुळे थोडे शांत. दुखणं कधी सुरू झालं? “जेवून पडलो तवा.” जेवलात कधी? “रातच्याला.” बायको भिंतीला टेकून उभी होती, डोक्यावर शाल.

“आजी, तुम्हाला आठवतं का किती वाजले होते?”

“घड्याळ कुठं बघितलं बाई. मुक्कामाची यष्टी आली, तिचे दिवे खिडकीतनं भिंतीवर पडले, तवा ह्यांनी पहिल्यांदा कण्हलं. मी म्हटलं, उजेडानं जागे झाले.”

बरोबर आलेल्या पुतण्याला विचारलं, मुक्कामाची गाडी किती वाजता येते? “सव्वानऊ. काल पण वेळेवरच आली, मी तिनंच आलो ना तालुक्याहून.”

शून्य तास: २१:१५. पहिलं सॅम्पल: ०२:२०. क्रमांक अडतीस.